पाणी कुठून शिरलं, ते आधी कागदावर आणा : भिजलेली इलेक्ट्रिक गाडी, वॉरंटी आणि विमा

सांगलीत शामरावनगरात राहणाऱ्याला पुरासाठी कृष्णेची वाट बघावी लागत नाही. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की गल्लीतच तळं साचतं. अशाच एका जुलैत माझी इलेक्ट्रिक गाडी रात्रभर दारात उभी होती. सकाळी बघतो तर पाणी अर्ध्या चाकाला लागलेलं. दुपारी ओसरलं. गाडी बटण दाबताच चालू झाली, डिस्प्लेवर एकही लाल खूण नाही. सुटलो म्हणालो आणि रोजच्यासारखी चालवत राहिलो.

सतराव्या दिवशी मिरज रोडवर गाडीनं ‘सुरक्षित जागी थांबा’ असा संदेश दिला आणि जागीच बंद पडली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, बॅटरीत पाणी गेलंय, हे बाहेरचं कारण आहे, वॉरंटीत बसत नाही. विमा कंपनीचं म्हणणं, एवढ्याशा पाण्यानं बॅटरी जात नाही, सीलच सदोष असणार, म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं बघावं. शिवाय तुम्ही सतरा दिवस उशिरा कळवलंत. साडेचार महिने मी या दोघांमध्ये हेलपाटे घातले. त्या हेलपाट्यांत जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय, कारण आता गल्लोगल्ली इलेक्ट्रिक गाड्या दिसतात आणि पावसाळा दरवर्षी येतो.

सगळा वाद एका प्रश्नाभोवती फिरतो : पाणी कसं शिरलं? बाहेरून चढलेल्या पाण्यानं नुकसान झालं तर ते विम्याचं. गाडीनं जे पाणी सहन करायला हवं होतं ते सहन झालं नाही, तर ते वॉरंटीचं. याचं उत्तर ठरवणारा पुरावा पहिल्या दिवशी फक्त तुमच्याकडे असतो आणि चिखल धुतला की तो जातो.

पाणी चढायच्या आधी

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैतही धोका पातळी बरीच ओलांडली. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पुलाचा आकडा ३५ च्या पुढं सरकू लागला की गावभाग, सांगलीवाडी, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांनी गाडी विश्रामबागच्या वरच्या अंगाला, कुपवाडला किंवा मिरजेत पाहुण्यांकडे नेऊन लावावी. इशारा पातळीची वाट बघू नका, तोवर रस्ते तुंबलेले असतात. अपार्टमेंटच्या तळघरातली गाडी सगळ्यात आधी काढा. तिथं नदीचं पाणी येण्याआधी गटारीचं पाणी उलटं येतं.

घरी चार्जर बसवला असेल तर त्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली पाडा आणि प्लग काढा. वीज गेली आहे या भरवशावर राहू नका, ती कधी परत येईल सांगता येत नाही.

आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक काढून दोन गोष्टींचे फोटो घ्या : पाण्यातून किती मिलिमीटर खोलीपर्यंत गाडी नेता येते तो आकडा आणि वॉरंटीतून काय वगळलंय ते पान. भांडायची वेळ आली की याच दोन पानांवर येऊन थांबतं.

ओसरल्यावर पहिली दुपार

गाडी चालू करू नका. चालू होते का तेही बघू नका. चार्जिंगला तर अजिबात लावू नका. मी चालू केली आणि तिथंच माझी बाजू कमकुवत झाली, कारण नंतर ‘भिजलेली गाडी तुम्हीच चालवून नुकसान वाढवलंत’ हे वाक्य मला दोन्हीकडून ऐकावं लागलं. पाण्यानं थेट झालेलं नुकसान आणि नंतरच्या वापरानं वाढलेलं नुकसान यांत विमा कंपन्या फरक करतात.

त्याऐवजी मोजपट्टी काढा. ओसरलेलं पाणी चाकावर, दारावर, कंपाउंडच्या भिंतीवर गाळाची एक रेघ सोडून जातं. त्या रेघेला टेप लावून जमिनीपासूनची उंची फोटोत घ्या. चारही चाकांपाशी वेगवेगळी घ्या, कारण रस्ता उताराचा असतो. माझ्या भिंतीवर रेघ ३१ सेंटीमीटरवर होती. हा आकडा नंतर माझ्या कामी आला, पण फोटो मी घेतला नव्हता. शेजाऱ्यांच्या पोरानं मौज म्हणून त्या सकाळी व्हिडिओ काढला होता, त्यात भिंत आणि चाक दोन्ही दिसत होतं म्हणून निभावलं.

मग दार उघडून आत बघा. पायाखालची मॅट उचला, कार्पेट हातानं दाबा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पाणी त्या उंचीपर्यंत चढलं असेल तर पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला, एरवी रिळात गुंडाळलेल्या भागावर, बारीक गाळ सापडतो. गाडी कितीही धुतली तरी तो गाळ तिथं राहतो, म्हणून विम्यासाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आधी तिथंच बघतात. सीटखालचे रूळ, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, बॉनेटखालचा भाग, सगळ्याचे फोटो तारीख-वेळेसह घ्या.

उलट प्रकारही असतो. गाळ कुठंच नाही, रेघ नाही, आणि फक्त डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं आहे. हे पुराचं पाणी नव्हे. एसीची निचऱ्याची नळी तुंबली असेल, सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळीत पाला अडकला असेल, नाहीतर दाराचं रबर नीट बसलं नसेल. साध्या पावसात किंवा धुताना गाडीत पाणी आलं तर ते बहुतांशी वॉरंटीचं काम आहे. तिथं आपण होऊन ‘पुराचं पाणी’ हा शब्द तोंडातून काढू नका.

नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नका, त्या शेकडो व्होल्टच्या असतात. गाडीतून फसफस किंवा तडतड आवाज, धूर किंवा गोडसर रसायनी वास आला तर लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. अमेरिकेत २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर भिजलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या दिवसांनी, आठवड्यांनी पेटल्या होत्या. ते समुद्राचं खारं पाणी होतं, आपल्या कृष्णेच्या गोड्या पाण्यात तो धोका कमी असतो. तरीही भिजलेली गाडी घराला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून ठेवू नये. तिथल्या यंत्रणा ५० फुटांचं अंतर सांगतात. गल्लीत तेवढी जागा नसते हे मलाही ठाऊक आहे, पण निदान जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये तरी ठेवू नका.

न्यायची ती फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवणाऱ्या ट्रकवरून. दोन चाकं उचलून बाकीची रस्त्यावर ओढत नेऊ नका. मोटरला जोडलेली चाकं फिरली की ती वीज तयार करते, आणि ओल्या यंत्रणेत ती नको असते.

सतरा दिवस गाडी चालली कशी?

हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण ‘तेव्हाच का बंद पडली नाही?’ हा प्रश्न हमखास येतो.

बॅटरी पॅकवर बहुधा ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ७ म्हणजे १ मीटर खोलीच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी घातक प्रमाणात पाणी शिरणार नाही. ही चाचणी पॅकची असते, सगळ्या गाडीची नाही. रात्रभराची तर नाहीच. दिवसभर चालून गरम झालेला पॅक थंड पाण्यात राहिला की आतली हवा आकसते. सील कुठं किंचित कमजोर असेल तर तिथून थेंब थेंब पाणी आत ओढलं जातं. ते थेंब लगेच काही करत नाहीत. कनेक्टरच्या पिनांवर ओल धरते, गंज चढतो, इन्सुलेशन (वीज बाहेर झिरपू न देण्याची क्षमता) उतरत जातं. हाय व्होल्टेज भाग आणि गाडीची बॉडी यांच्यामधला हा इन्सुलेशन रेझिस्टन्स बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, सतत मोजते. तो ठरावीक मर्यादेखाली आला की ती मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा स्विच, उघडते आणि गाडी थांबवते. म्हणून आठवड्यांनी बंद पडलेली गाडीही त्याच पाण्याची असू शकते.

वर्कशॉपात मला पॅकच्या बाजूचा एक कनेक्टर काढून दाखवला होता. बाहेरून स्वच्छ, काळं प्लास्टिक. आत पिनांच्या बुडाशी मोरचुदासारखा हिरवट चुरा, आणि नारिंगी रबरी कड्याला एका बाजूला केसाएवढी चीर. ती चीर मुळातली की नंतरची, यावरच पुढचा सगळा वाद होता.

विम्याला त्याच दिवशी कळवा

अपघात होवो न होवो, पाणी लागलं की कळवायचं. गाडी ठीक वाटली तरी. फोन करून क्लेम नंबर घ्या आणि तोच मजकूर ईमेलनंही पाठवा. ‘अमुक तारखेला रात्री गाडी पाण्यात होती, पाण्याची उंची एवढी, गाडी चालू केलेली नाही, तपासणीसाठी सर्व्हेअर पाठवा’ एवढं पुरे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाई मिळत नाही. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) असेल तर पूर आणि जलमय होणं हे धोके त्यात असतात.

पॉलिसीत हे बघा. ठरलेल्या पद्धतीच्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, एअरबॅग आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा (वापरानं कमी धरलेली किंमत) कापतात. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हणजे काही हजारांचा प्रश्न. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी हाच सगळ्यात महाग भाग, त्यामुळं हा एक शब्द लाखांत जातो. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तरी त्यात मोठी बॅटरी धरली आहे की वगळली आहे हे लेखी विचारा. बॅटरी आणि मोटरसाठी पाण्याच्या नुकसानीचं वेगळं ॲड-ऑन मिळतं. नदीकाठच्या गावात राहून ते न घेणं मला आता चूक वाटते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात, हेही लक्षात ठेवा.

नदीचा पूर असेल तर तलाठ्याच्या पंचनाम्यात घरासोबत गाडीचाही उल्लेख करून घ्या. त्या दिवसाचं स्थानिक वर्तमानपत्र जपून ठेवा, आयर्विनचा आकडा आणि कुठल्या भागात पाणी शिरलं ते त्यात छापलेलं असतं.

सर्व्हेअर यायच्या आधी वर्कशॉपला बॅटरी पॅक उघडू देऊ नका. एकदा सील तुटलं की ते आधीपासून खराब होतं की उघडताना झालं, हे कुणीच सांगू शकत नाही. २०२४ मधल्या विमा प्राधिकरणाच्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. उशीर होऊ लागला की ईमेलमध्ये हे आकडे घाला. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. तो अहवाल महत्त्वाचा असतो, पण अंतिम नसतो. पुराव्यानिशी त्याला आव्हान देता येतं.

वर्कशॉपात : जॉबकार्ड, कोड, आकडा

जॉबकार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. ‘वॉटर लॉगिंग’ असा तयार शब्द टाकायची तिथं सवय असते. त्यानं गाडी पूर्ण बुडाली होती असा अर्थ निघतो. त्याऐवजी ‘उभ्या गाडीच्या चाकाला ३१ सेंटीमीटरपर्यंत पाणी, आतलं कार्पेट कोरडं’ असं लिहून घ्या. कोऱ्या जॉबकार्डवर सही नको. सही केली की लगेच फोटो काढा.

मग तीन गोष्टी छापील मागा. एक, स्कॅनरमधले सगळे फॉल्ट कोड (बिघाडाचे संकेत), ते कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरला आले यासकट. दोन, इन्सुलेशन रेझिस्टन्सचा मोजलेला आकडा. डीसी (बॅटरीच्या विजेच्या) भागासाठी सुरक्षेची किमान मर्यादा १०० ओहम प्रति व्होल्ट धरतात, म्हणजे ३५० व्होल्टच्या पॅकला ३५ किलोओहम. धडधाकट पॅकचा आकडा मेगाओहममध्ये असतो. ‘इन्सुलेशन गेलंय’ असं तोंडी सांगितलं तर ‘किती आहे?’ असं विचारा. नुसत्या या प्रश्नानं समोरचा माणूस नीट बसून बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे. तीन, पाणी नेमकं कोणत्या जागेतून शिरलं ते दाखवणारे फोटो. पॅक उघडताना तुम्ही हजर राहणार, हे आधीच लेखी कळवा.

एस्टिमेटमध्ये पूर्ण पॅक लिहिला असेल तर फक्त खराब मॉड्यूल, कनेक्टर किंवा वायरिंग बदलून चालेल का, आणि चालत नसेल तर का, हेही लेखी विचारा.

वॉरंटी नाकारली तर

अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात आणि त्याच पुस्तकात पूर, बाहेरचं पाणी ही कारणं वगळतात. त्यामुळं गाडी छातीभर पाण्यात दोन दिवस होती तर वॉरंटीसाठी भांडण्यात वेळ घालवू नका, सरळ विम्यामागं लागा. पण पुस्तकात दिलेल्या खोलीच्या आतलं पाणी ओलांडताना बॅटरीत पाणी गेलं, किंवा नुसत्या पावसात गेलं, तर तुमची बाजू भक्कम आहे. जी मर्यादा कंपनीनंच दिली तिच्या आत गाडी टिकली पाहिजे. माझं प्रकरण मधलं होतं : खोली फारच कमी, पण वेळ रात्रभर. अशा वेळी दोघांनाही लेखी उत्तर द्यायला लावणं एवढंच आपल्या हातात असतं. मी दिलेला अर्ज साधारण असा होता :

‘माझी गाडी अमुक तारखेपासून आपल्याकडे आहे. बॅटरीची वॉरंटी आपण तोंडी नाकारली आहे. कृपया पुढील गोष्टी सात दिवसांत लेखी कळवाव्यात : (१) वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार नकार दिला, (२) पाणी कोणत्या जागेतून शिरले आणि ते ठरवण्यासाठी कोणती तपासणी केली, (३) सदर सील किंवा कनेक्टर निर्दोष होता हे कशावरून ठरवले, (४) काढलेले सर्व सुटे भाग वाद मिटेपर्यंत माझ्या लेखी संमतीशिवाय टाकून देऊ नयेत किंवा परत पाठवू नयेत. या काळातील पार्किंगचे शुल्क मला मान्य नाही.’

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तीच प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल आणि स्पीड पोस्टनं पाठवा. डीलर हा मधला माणूस असतो, वॉरंटी देणारी कंपनी असते. काउंटरवरच्या पोरावर आवाज चढवून काही मिळत नाही, निर्णय त्याच्या हातात नसतो.

चौथा मुद्दा विसरू नका. जुना भाग गेला की पुरावा गेला. मला माझ्या कनेक्टरची चीर ओळखीच्या एका निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअरना दाखवता आली, कारण तो भाग पिशवीत सीलबंद करून ठेवून घेतला होता. त्यांनी दोन पानी मत लिहून दिलं, ते पुढं फाईलला जोडलं.

कंपनीचं ‘बाहेरचं पाणी’ हे लेखी उत्तर आलं की ते विमा कंपनीला पाठवा. विमा कंपनीचं ‘सीलचा दोष’ हे लेखी उत्तर आलं की ते गाडीच्या कंपनीला पाठवा. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत हे त्यांना एकमेकांच्या कागदावर दिसलं पाहिजे. माझ्या बाबतीत गाठ इथंच सुटली. विमा कंपनीच्या तक्रार विभागानं फेरतपासणी केली आणि क्लेम मान्य केला. घसारा मात्र खिशातून गेला.

तिथंही नाही जमलं तर

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. खर्च नाही आणि कंपनीकडून लेखी प्रतिसाद यायला मदत होते. विम्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे करायची. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. सांगली-सातारा भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई त्यांच्या कक्षेत येते, फी नाही, वकील लागत नाही. विमा कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

गाडीची कंपनी, डीलर आणि विमा कंपनी तिघांशीही वाद असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. तिघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करा, नाहीतर हजर असलेला पक्ष गैरहजर असलेल्यावर ढकलून मोकळा होतो. सदोष वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायचा अधिकार आयोगाला आहे, तशी मागणी तक्रारीतच लिहा. जपलेला जुना भाग तेव्हा कामाला येतो.

गाडी परत घेताना

इन्सुलेशनचा नवा आकडा छापून घ्या. फॉल्ट कोड पुसल्यानंतरचा कोरा अहवाल घ्या. बदललेल्या पॅकचा सिरियल नंबर बिलावर आहे का बघा, आणि या नव्या भागाला वॉरंटी किती, जुनी उरलेली की नवीन, हे डीलरच्या लेटरहेडवर लिहून घ्या. कार्पेटखालचा फोम हातानं दाबून बघा. वरून सुकलेला असतो, आत पाणी धरून बसतो, आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट अनेक गाड्यांत त्याच्याच शेजारी असतं. घरी नेल्यावर एकदा घरच्या साध्या (एसी) चार्जरवर आणि एकदा फास्ट चार्जरवर लावून बघा. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा आकडा मोजून घ्या. गंज हळू चढतो, आणि तेव्हा आकडा उतरू लागलेला दिसला तर दुरुस्तीवरची तक्रार लगेच लेखी द्या.